हरलेली लढाई, कलमदानाच्या झाकणावर

इराणातल्या इस्फहानच्या कारागिरांनी रंगवलेल्या लाखेच्या कलमदानांवर एक लढाई भेटते. घोड्यावरच्या तरुण राजाची तलवार नुकतीच खाली आली आहे. समोरचा शत्रू डोक्यापासून कमरेपर्यंत उभा चिरला गेलाय आणि दोन्ही फाका अजून खाली पडायच्या आहेत. भोवती घोडे, भाले, धूर, पाय वर करून पडलेली जनावरं. राजा म्हणजे सफवी घराण्याचा संस्थापक शाह इस्माईल. लढाई चालदिरानची, तारीख 23 ऑगस्ट 1514.

ही लढाई शाह इस्माईल हरला होता. आणि तीही थोडक्यात नव्हे. तुर्कांचा उस्मानी सुलतान सेलीम तोफा घेऊन आला होता, गाडे साखळ्यांनी बांधून त्याने तटबंदी केली होती आणि तिच्या आडून जानिसारांच्या, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाच्या, बंदुका चालत होत्या. इस्माईलचे किझिलबाश स्वार, म्हणजे लाल टोप्यांचे शिपाई, तलवार-भाल्यानिशी त्या भिंतीवर जाऊन आदळले. त्याचे मोठमोठे सरदार त्या एका दिवसात पडले. सप्टेंबरात सेलीम तबरीझमध्ये, इस्माईलच्या राजधानीत शिरला. इस्माईल पुढे दहा वर्षं जगला, पण स्वतः फौज घेऊन पुन्हा कधी रणांगणात उतरला नाही. 1524 साली तो वारला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

मग तीनशे वर्षांनी त्याच्याच देशातल्या चितारी लोकांनी नेमकी हीच लढाई का रंगवावी? आणि तीही रोज वापरायच्या, कारकुनाच्या कमरेला असणाऱ्या वस्तूवर? या लेखात मी एवढंच एक प्रकरण घेतलं आहे: चालदिरान आणि कलमदान.

वस्तू कशी असते

आधी वस्तू नीट डोळ्यांसमोर आणू. कलमदान हा शब्द मराठीत फारसीतूनच आला. दौत, शाई, कागद, दप्तर, कारकून हेही त्याच वाटेने आले. फडणीस आणि चिटणीस यांच्या जोडीला पारसनीस हे आडनाव आपल्याकडे अजून आहे, ते फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्यांचं. त्यामुळे या वस्तूचं नाव मराठी माणसाला परकं वाटत नाही, वस्तू मात्र बहुतेकांनी पाहिलेली नसते.

इराणी कलमदान साधारण 22-23 सेंटिमीटर लांब, चारेक सेंटिमीटर रुंद आणि जवळपास तितकंच उंच. दोन्ही टोकं गोलसर, वरची बाजू किंचित फुगीर. बाहेरचं कवच आणि त्यात सरकणारा आतला खण असे दोन भाग. खणात एका टोकाला धातूची छोटी दौत, तिच्यात शाई धरून ठेवायला रेशमाच्या धाग्यांचा बोळा. उरलेल्या जागेत बोरू, बोरू तासायचा चाकू, त्याची जीभ तिरकी छाटताना खाली धरायची हाडाची किंवा हस्तिदंताची पट्टी, कधी कागद कापायची लांब कात्री, शाईत पाणी घालायचा इवलासा चमचा.

हे सगळं कागदाचं आहे, हे सांगितलं तर पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही. लाकडी साच्यावर खळीने कागदाचे थरावर थर चिकटवायचे, वाळवायचे, घोटायचे, साचा काढून घ्यायचा. वर खडूचा पातळ लेप, पुन्हा घोटाई. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्यात कालवलेल्या रंगांनी चित्र, आणि चित्रावर रोगणाचे हात. रोगण हा आपला शब्दही तिकडचाच, रौगन. कलमदानावर वापरायचे त्याला ‘रौगन-ए-कमान’ म्हणत, म्हणजे धनुष्याचं रोगण. तीरकमानमधली कमान तीच. जवसाच्या तेलात संदरूस राळ शिजवून ते करत. चिनी-जपानी लाख झाडाच्या चिकापासून होते, तिच्याशी याचा संबंध नाही. आपण सोयीसाठी ‘लाखेचं काम’ म्हणतो इतकंच.

या रोगणाची एक खोड या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. ते वयाबरोबर पिवळं पडतं, मग मधासारखं होतं. लाल रंग त्याखाली उलट खुलतो. निळा हिरवट दिसायला लागतो. पांढरा मात्र पांढरा राहत नाही, सायीसारखा, पुढे चक्क भुऱ्या कापडासारखा दिसतो. हे लक्षात ठेवा, कारण चालदिरान ओळखायची मुख्य खूणच पांढरी आहे.

कोणती लढाई?

कलमदानावर घोडेस्वार आणि तलवारी दिसल्या की ‘शाह इस्माईलची लढाई’ असं चटकन म्हणून टाकायचा मोह होतो. पण इराणी चितारींकडे अशा निदान तीन लढाया होत्या. पहिली मर्वची, 1510 सालची. तीत इस्माईलने उझबेकांच्या शैबानी खानाला मारलं. त्याच्या कवटीला सोन्याने मढवून तिचा प्याला केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. दुसरी चालदिरान. तिसरी कर्नालची, 24 फेब्रुवारी 1739, जिथे नादिरशाहाने मोगल बादशाह मुहम्मदशाहाचा पराभव केला आणि पुढे दिल्ली लुटली. (चिमाजी अप्पा त्याच सुमाराला वसईला वेढा घालून बसले होते, आणि नादिरशाह दक्षिणेकडे उतरेल की काय ही धास्ती मराठी छावणीतही होती.)

कर्नाल ओळखणं सोपं. हत्ती दिसला की कर्नाल.

मर्व आणि चालदिरान यांच्यात मात्र फसायला होतं, कारण दोन्हींत नायक एकच. इथे चेहऱ्यांचा उपयोग नाही. मी एकदा पुठ्ठ्याची 22 बाय 4 सेंटिमीटरची पट्टी कापून तिच्यावर पेन्सिलीने लढाई मांडून पाहिली. वर आकाशाची आणि डोंगरांची रेघ, खाली जमीन एवढं सोडल्यावर स्वारासकट घोड्याला उरली जेमतेम अडीच सेंटिमीटर उंची. माणसाचं डोकं दोन-तीन मिलिमीटरचं. तेवढ्या जागेत नाक-डोळे काढणारे हात इस्फहानला होते, पण दोन मिलिमीटरच्या चेहऱ्यावरून माणूस उझबेक की तुर्क हे सांगता येत नाही. ते सांगते टोपी.

किझिलबाशांची टोपी म्हणजे ताज. बारा इमामांसाठी बारा घड्या, मधून वर आलेली लाल दांडी, भोवती फेटा. चित्रात ही दांडी म्हणजे ब्रशचा एकच उभा फटकारा असतो. जानिसारांची टोपी पांढऱ्या नमद्याची, उंच, आणि वरून मागे मानेवर लोंबणारी, जणू डोक्यावर अंगरख्याची बाही अडकवली आहे. समोरच्या गर्दीत अशा लोंबत्या टोप्या असतील, आणि कडेला तोफेचं तोंड किंवा धुराचा गोळा असेल, तर ते चालदिरान. आता रोगणाची खोड आठवा. दीडशे वर्षं पिवळ्या पडलेल्या रोगणाखाली ती पांढरी टोपी भुरी होते, आणि घाईने पाहणाऱ्याला ती मध्य आशियातली कातडी टोपी वाटू शकते. तिथेच हरलेल्या लढाईवर जिंकलेल्या लढाईचं नाव पडतं. म्हणून रंगावर न जाता टोपीच्या आकारावर जावं. मागे लोंबणारा भाग भिंगाखाली शोधावा. झाकणावर सापडला नाही तर कडेच्या पट्ट्यांवर पाहावा. लढाई बऱ्याचदा झाकणावरून कडेवर उतरते, आणि तिथे बोटांचा घासा वेगळ्या जागी पडत असल्याने एखादी टोपी शाबूत राहिलेली असते.

भिंतीवरून झाकणावर

या चित्राचा एक मोठा भाऊ इस्फहानातच आहे. शाह अब्बास दुसरा याने बांधलेल्या चेहेल सुतून महालाच्या दिवाणखान्यात प्रचंड भित्तिचित्रं आहेत. महाल 1647 साली पुरा झाला. दारातले वीस लाकडी खांब आणि समोरच्या हौदातली त्यांची वीस प्रतिबिंबं मिळून चाळीस, म्हणून चेहेल सुतून. मूळच्या चित्रांत दरबार आहेत: मोगल बादशाह हुमायून इस्माईलच्या मुलाच्या, शाह तहमास्पच्या, आश्रयाला आला तो प्रसंगही त्यात आहे. लढाई होती ती मर्वची. सफवी राजवट 1722 साली कोसळली, आणि त्यानंतर त्या भिंतींवर दोन लढायांची भर पडली, चालदिरान आणि कर्नाल.

म्हणजे सफवींनी स्वतःच्या महालात चालदिरान काढवून घेतली नव्हती. त्यांना ती आठवण नको असणार, यात नवल नाही. ती भिंतीवर आली ते घराणं संपल्यावर. मला या प्रकरणात ही गोष्ट सर्वात बोलकी वाटते. पराभव ज्यांचा होता ते असेपर्यंत त्याचं चित्र या भिंतीवर आलं नाही. ते गेल्यावर तो सगळ्यांचा झाला.

भिंतीवरचं चित्र झाकणावर आणायचं म्हणजे नुसतं लहान करायचं नव्हे. भिंतीला उंची असते, तिथे माणसं एकावर एक रचता येतात. कलमदानाला फक्त लांबी. त्यामुळे झाकणावर लढाई आडवी ताणली जाते. दोन फौजा दोन टोकांकडून येतात आणि मधोमध तलवारीचा तो एक घाव. मधला घाव आणि बाजूंनी ओसरत गेलेली गर्दी, ही मांडणी लांबट झाकणाला अशी बसते की जणू त्याच्यासाठीच सुचली. मर्वच्या लढाईत असा एका क्षणात पकडता येणारा घाव नाही. चालदिरानमध्ये आहे. इराणी बखरींत इस्माईलने मलकूच-ओग्लू नावाच्या उस्मानी वीराला एका वारात शिरस्त्राणासकट चिरल्याची हकीकत येते. चित्राच्या परंपरेत त्याचा जानिसारांचा आगा, म्हणजे सरदार, होतो. लढाई हरली तरी हा वार खरा, असं सांगणारी गोष्ट चितारीला हवी तशी मिळाली.

कारखान्यात असे आकार एका हातातून दुसऱ्या हाती जायचे ते खाक्यांमधून. रेखाटनाच्या रेषेवर सुईने भोकं पाडायची, कागद पृष्ठभागावर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची, खाली ठिपक्यांची रेघ उमटते. हार्वर्डच्या कला संग्रहालयात काजार घराण्याच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इराणी राजांच्या, काळातल्या चितारींच्या अशा रेखाटनांचा आणि खाक्यांचा एक आल्बम आहे. 2017 साली तिथे एकोणिसाव्या शतकातल्या इराणी कलेचं मोठं प्रदर्शन झालं, त्याच्या केंद्राशी तो होता. खाका उलटा टाकला की आरशातली आकृती मिळते. घोड्याला, पडलेल्या शिपायाला त्याने काही बिघडत नाही. तलवार धरलेल्या राजाचं मात्र बिघडतं, कारण तो डावखुरा होतो. त्यामुळे झाकणावरच्या इस्माईलने तलवार कोणत्या हातात धरली आहे आणि खांदा त्या हाताशी जुळतो का, हे जरूर पाहावं. खांदा अवघडलेला दिसला तर चितारीने उलटा खाका सुलटा करताना घेतलेले कष्ट आपल्यासमोर असतात.

चितारीचं नाव शोधायला जाल तर नावाऐवजी प्रार्थना सापडण्याची शक्यता जास्त. मुहम्मद जमान ‘या साहेब-अज-जमान’ (हे काळाच्या स्वामी) लिहून सही करायचा. अली अशरफची सही म्हणजे कवितेची एक ओळ: मुहम्मदानंतर अली हाच सर्वश्रेष्ठ, ‘अशरफ’. एकोणिसाव्या शतकातला इस्फहानचा नजफ अली ‘या शाह-ए-नजफ’ (हे नजफच्या राजा) लिहायचा. त्याचा भाऊ मुहम्मद इस्माईल पुढे दरबाराचा नक्काश-बाशी, म्हणजे मुख्य चितारी, झाला. स्वतःचं नाव देवाच्या माणसाच्या नावात लपवण्याची ही रीत मला फार आवडते, पण तिच्यात धोकाही आहे. प्रार्थना कोणीही लिहू शकतो, आणि नामांकित चितारीची प्रार्थना नंतरच्यांनी लिहिलीही. सहीवरून निकाल देऊ नये. आधी घोड्यांचे पाय पाहावेत.

कमरेला कलमदान असलेला माणूस

आता मूळ प्रश्न. विकत घेणारा कोण होता?

इराणात नावाआधी ‘मिर्झा’ लागला की माणूस लेखणीचा, नावानंतर लागला की राजपुत्र. एकोणिसाव्या शतकातला मुत्सद्दी मिर्झा तकी खान हा पहिल्या जातीचा, आचाऱ्याच्या घरात जन्मलेला. कलमदान हे या मिर्झा मंडळींचं ओळखपत्र. कमरेच्या शेल्यात ते खोचलेलं असे, आणि वजिराची नेमणूक झाली की शाहकडून त्याला मानाचं कलमदान मिळे. उर्दूत मंत्र्याच्या खात्याला अजून ‘कलमदान’ म्हणतात, ते त्यामुळेच.

काजार काळातल्या मिर्झाच्या बोरूतून काय उतरत होतं ते पाहिलं की झाकणावरचं चित्र वेगळं दिसायला लागतं. रशियाशी दोन युद्धं झाली. 1813 सालचा गुलिस्तानचा तह आणि 1828 सालचा तुर्कमनचायचा तह, दोन्हींत मिळून कॉकेशसमधला मुलूख गेला. त्या तहांच्या वाटाघाटी, मसुदे, नकला हे काम मिर्झांचं. उस्मान्यांशी सरहद्दीचा वाद तर चालदिरानपासूनच धुमसत होता. 1843 ते 1847 अशी चार वर्षं एर्झुरूममध्ये त्या सरहद्दीवर खल झाला आणि इराणच्या बाजूने तिथे बसला होता हाच मिर्झा तकी खान, जो पुढे अमीर कबीर म्हणून वजीर झाला आणि 1852 साली शाहच्या हुकमाने मारला गेला. ज्या सीमेवर इस्माईलची तलवार चालली, तिच्यावर आता बोरू चालत होता.

माझं मत असं आहे की मिर्झाला चालदिरान हवी होती ती ती हरलेली होती म्हणूनच. मर्वसारखा विजय राजाच्या भिंतीवर शोभतो. तोफांची आणि पैशाची बरोबरी होत नाही हे ज्याला रोज कागदावर उतरवावं लागतं, त्याला तोफांच्या रांगेपर्यंत जाऊन एक वार करून आलेला माणूस जवळचा वाटतो. शिया मनाला करबलापासून हे माहीत आहे की हरणारा छोटा होत नाही. आपल्यालाही ते समजावून सांगावं लागत नाही. पानिपतावर काय गेलं याची मोजदाद ‘दोन मोत्ये गळाली’ या सांकेतिक ओळीने पोचली, आणि तरी दत्ताजी शिंद्यांचं ‘बचेंगे तो और भी लड़ेंगे’ हे घरोघरी पाठ आहे. बुराडी घाटावर दत्ताजी पडले, हे त्या वाक्याच्या आड येत नाही.

याला विरोधी मुद्दाही आहे, आणि तो मी टाळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलादी निबांचे टाक आले, बोरू मागे पडला, आणि कलमदानं युरोपी प्रवाशांसाठी, संग्राहकांसाठी होऊ लागली. अशा गिऱ्हाइकाला घोडे, तलवारी आणि चिरलेला माणूस आवडणारच. इस्माईल हरला की जिंकला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्या काळातल्या चालदिरानबद्दल मिर्झाच्या मनाची भाषा बोलणं चुकीचं ठरेल. तेव्हा प्रत्येक कलमदानापुढे वेगळं उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर झाकणावर मिळत नाही.

ते आत मिळतं. खण बाहेर ओढा. खण आणि कवच यांचा सांधा एका टोकाजवळ येतो, आणि चित्र त्या सांध्यावरून अखंड नेलेलं असतं. खण सरकला की फौजेची शेपूट राजापासून तुटून बाहेर येते. वापरातल्या कलमदानात या सांध्याच्या कडा गोल झालेल्या असतात, रोगण उडून खालचा कागद दिसतो. खणाच्या बाहेरच्या बाजू बहुधा लाल किंवा काळ्या, त्यांवर सोनेरी वेल. तो वेल सरकून सरकून पट्ट्यांमध्ये पुसलेला असेल तर माणसाने ते रोज उघडलं आहे. मग दौतीची जागा पाहा. तिथे काळा डाग हवा, सांडलेल्या आणि पुसलेल्या शाईचा, कागदाच्या थरात मुरलेला. बोरू आडवे ठेवायच्या जागी बारीक ओरखडे हवेत.

वर चालदिरान आणि आत शाई, असं दोन्ही मिळालं तर ते कलमदान मिर्झाचं. आत कोरं असेल, सोनं जसंच्या तसं असेल, तर चित्र कितीही देखणं असो, त्याच्यात कोणी बोरू बुडवलेला नाही.